परस्पर दिलेली माफी

"वरच्या टाकीत विष कालवलंय म्हणे," असा फोन आला तेव्हा मी आमच्या प्रार्थनाघरात शिडीवर चढून पंख्याची वायर जोडत होतो, आणि मला हसू आलं. खरंच आलं, खोटं कशाला बोलू? बारा वर्षांत असल्या एकतीस अफवा मी स्वतः जाऊन डोळ्यांनी बघून आलोय. एकतीसच्या एकतीस फुसक्या निघाल्या. कुणाची पोरगी पळवली म्हणून बोंब उठली तर ती मावशीकडे जेवत होती. कुणाचं डोकं फोडलं म्हणून गर्दी जमली तर गडी न्हाणीघरात घसरला होता. आता ही बत्तिसावी.

आमची वस्ती उतारावर आहे. वर राहतात ते वरचे, खाली राहतो ते आम्ही. देव वेगळा, प्रार्थना वेगळी, बाकी गुडघेदुखी दोन्हीकडे सारखीच. बारा वर्षांपूर्वी हीच अफवा उठली होती, अगदी हीच, की खालच्यांनी वरच्या टाकीत विष घातलं. टाकी दोनशे पावलांवर. पण झाकण उघडून बघायला एकही माणूस गेला नाही. दोन दिवसांच्या दंगलीत नऊ माणसं मेली. तिसऱ्या दिवशी पाणी तपासायला नेलं तर ते स्वच्छ, पिण्यालायक. त्या नवातला एक माझा मेव्हणा, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. वय चोवीस. दोन्हीकडच्या टाक्या धुण्याचं काम त्याच्याकडे होतं, त्यामुळे त्या दिवशी तो वर होता, इतकाच त्याचा गुन्हा.

त्यानंतर दोन्हीकडचे धर्मगुरू एकत्र बसले आणि त्यांनी जोडीची पद्धत काढली. अफवा उठली की दोघांनी जायचं, एक वरचा, एक खालचा. दोघांनी एकाच वेळी बघायचं. खरी गंमत पुढे आहे. खालच्यानं वरच्यांच्या प्रार्थनाघरात जाऊन सांगायचं आणि वरच्यानं खालच्यांच्या. आपलाच माणूस 'काही झालं नाही' म्हणाला तर लोक म्हणतात, घाबरला असेल, नाहीतर फितूर झाला असेल. समोरचा माणूस एकटा आपल्या देवापुढे उभा राहून सांगतो तेव्हा मात्र ऐकून घेतात. खालचा म्हणून मला निवडलं, कारण मी वायरमन, सगळ्यांच्या घरात शिरलेला. वरची म्हणून सिस्टरला, कारण ती दवाखान्यात नर्स आणि निम्म्या वस्तीला तिनं सुया टोचलेल्या. दोन्ही देवांसमोर आम्ही शपथ घेतली, की बघितल्याशिवाय बोलणार नाही आणि बघितलेलं लपवणार नाही.

टाक्यांनाही तेव्हापासून दोन-दोन कुलपं आहेत. एकाची किल्ली खालच्यांकडे, एकाची वरच्यांकडे, म्हणजे कुणा एकाला टाकी उघडताच येऊ नये. सुरुवातीला दर आठवड्याला पाण्यात पावडर टाकायला मी आणि सिस्टर दोघं जायचो. मग तिच्या ड्यूट्या बदलायला लागल्या. एकदा तिनं स्वतःच्या किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या आणि म्हणाली, "भाऊ, तुमच्यावर विश्वास नाही तर कुणावर ठेवू?" मला केवढा अभिमान वाटला होता! तेव्हापासून चारही किल्ल्या माझ्या स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर एकाच कड्यात लटकतात. एवढा विश्वास वाढला की कुलपांना अर्थच उरला नाही, आणि ते आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

तर, फोन आला. खरं म्हणजे शिडीवरून उतरायचं, वर जायचं, सिस्टरला घ्यायचं आणि बघायचं. पण मी खाली उतरलो आणि समोर माइक होता. उचलली जीभ, लावली टाळ्याला. चालू केला आणि बोललो, "ऐका हो, वरच्या टाकीत काहीही नाही. दोन कुलपं आहेत, माशीसुद्धा आत जात नाही. ज्यानं ही अफवा उठवली त्याला कामधंदा नाही. आपापली कामं करा." आमचा भोंगा वरपर्यंत ऐकू जातो. तो मीच बसवलाय.

मग शिट्टी वाजवत वर निघालो.

सकाळचे साडेसात झाले असतील. वरच्या आळीत पाणी सहाला येतं. रस्त्याच्या कडेला बायका रिकाम्या बादल्या घेऊन उभ्या होत्या आणि नळ कोरडे होते. एरवी मी दिसलो की कुणाची मिक्सरची तक्रार, कुणाचा बल्ब. आज कुणी बोललं नाही. मी एका आजींना म्हणालो, "काय हो, आज आंघोळीला सुट्टी का?" त्यांनी बादली उचलली आणि घरात जाऊन कडी लावली. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. आम्हा वायरमन लोकांना दुसऱ्यांच्या घरात प्रकाश पाडायची सवय.

टाकीच्या खोलीबाहेर सिस्टर एकटीच उभी होती. पन्नाशीची, ठेंगणी, दवाखान्यात डॉक्टरही तिला टरकून असतात. तिनं बाकी सगळ्यांना प्रार्थनाघरात जमायला सांगितलं होतं.

"मघाशी माइकवर तुम्हीच बोललात ना?" तिनं विचारलं.

"मग काय, लोकांचा जीव उगाच टांगणीला..."

"काय बघून बोललात?"

तिनं दाराकडे बोट दाखवलं. दोन्ही कुलपं कोयंड्यात उघडी लटकत होती. एकही तोडलेलं नव्हतं. एका कुलपात किल्ली तशीच होती, आणि त्या किल्लीच्या कड्यात बाकीच्या तिन्ही.

ते कडं मी रोज बघतो. रात्री झोपताना ते खिळ्यावर होतं.

"आत चला," सिस्टर म्हणाली. "जोडीनं बघायचं असतं ना? बघा."

आत चार पायऱ्यांची लोखंडी शिडी आहे, मग झाकण. झाकण सरकवायच्या आधीच वास आला. तो वास मला पाठ होता. महिन्याभरापूर्वी आमच्या दाराच्या चौकटीला वाळवी लागली तेव्हा तिचं औषध मारून मी आठ दिवस तो वास घेऊन जेवलो होतो. मी झाकण सरकवलं, टॉर्च मारला. पाणी दिसलंच नाही. कडेकडेनं पांढरं पांढरं, दूध नासल्यासारखं, आणि मधे अजून हळूहळू पसरत होतं. मी शिडीवरच बसलो.

खाली कोपऱ्यात बाटली पडली होती. पाच लिटरची, रिकामी. तिचं झाकण फुटलं होतं म्हणून मीच त्याला तांब्याची तार गुंडाळली होती. तशी तार गुंडाळणारा या वस्तीत दुसरा कुणी नाही.

"ही माझ्या घरातली आहे," मी म्हणालो. आवाज माझा वाटत नव्हता.

"माहितीये."

"चोरली कुणीतरी. सिस्टर, देवाशप्पथ सांगतो, कुणीतरी रात्री घरात शिरलं असणार. आणि लोक! लोक प्यायले असतील! सहाला पाणी सोडतात ना!"

"कुणी प्यायलेलं नाही. खालचा व्हॉल्व्ह बंद आहे. मी स्वतः तपासला. एक थेंबही आळीत गेलेला नाही."

"बंद कुणी केला?"

"ज्यांनी ओतलं त्यांनीच." सिस्टरनं माझ्याकडे बघितलं नाही. ती पायानं ती बाटली भिंतीकडे सरकवत होती. "वहिनी माझ्या घरी बसल्यात. पहाटे येऊन दार वाजवलं. म्हणाल्या, सिस्टर, मी तुमच्या टाकीत विष टाकलं, आता काय करायचं ते करा."

माझी बायको. मुंगी चुकवून पाय टाकणारी. सिस्टरला दर आठवड्याला स्वतःच्या हातचा चहा पाजणारी. सकाळी उठलो तेव्हा ती घरात नव्हती, शेजारी गेली असेल असं मी धरून चाललो होतो. मी हसलो असेन बहुतेक, कारण सिस्टर एकदम ओरडली, "हसताय काय!" पायाखालची जमीन सरकते म्हणतात ते मी बोलायची पद्धत समजत होतो. तसं नसतं. खरंच सरकते. मी भिंत धरून बाहेर आलो.

सिस्टरचं घर तिथून तिसरं. स्वयंपाकघरात बायको खुर्चीवर बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर, अगदी दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसतात तशी. समोरच्या चहावर साय धरली होती. मी आत गेलो तरी तिनं मान वर केली नाही.

"अगं, हे काय करून बसलीस?" मी म्हणालो. "वेड लागलं का तुला? लहान पोरं आहेत या आळीत!"

"म्हणून तर व्हॉल्व्ह बंद केला," ती म्हणाली. "ओतून झालं आणि शेजारच्या घरात कुणीतरी बादली नळाखाली सरकवल्याचा आवाज आला. तशीच धावत जाऊन तो फिरवला. मी केलं ते केलं. त्याची शिक्षा मी घेईन. पण तुम्ही काय केलंत ते आधी सिस्टरना सांगा."

"मी? मी काय केलं?"

"काल प्रार्थनेनंतर वरच्या सुताराची बायको मला भेटली."

काल बारा वर्षं झाली म्हणून दोन्हीकडच्यांची एकत्र प्रार्थना होती. मी स्टेजवर होतो. सुतारही होता, आणि मी सगळ्यांसमोर त्याच्या गळ्यात हात घातला होता. टाळ्या पडल्या होत्या.

बायको सिस्टरकडे वळली. "तिनं माझे दोन्ही हात धरले. रडायला लागली. म्हणाली, तुम्ही मोठ्या मनाच्या, तुम्ही माफ केलंत म्हणून माझ्या माणसाला पाच वर्षं झोप लागते. मी म्हटलं, कशाबद्दल माफ केलं? तिला वाटलं मी मोठेपणानं बोलतेय. म्हणाली, तुमच्या भावाबद्दल हो."

सिस्टर माझ्याकडे वळली.

"म्हणजे वहिनींना माहीतच नव्हतं?"

आता सांगायलाच हवं. पाच वर्षांपूर्वी सुतार वरच्या बाबांकडे गेला, म्हणजे वरच्यांच्या धर्मगुरूंकडे, आणि त्यानं कबूल केलं की वायरमनच्या मेव्हण्याला मी मारलं, माझ्या हातात पटाशी होती. बाबांनी आम्हा जोडीला बोलावलं. सुताराची एकच विनंती होती, की मला त्या बाईंच्या पायाशी जाऊन माफी मागू द्या, मग पोलिसांत द्या नाहीतर काहीही करा. मी म्हणालो, थांब, आधी मी घरी बोलतो. सगळ्यांना ते बरोबर वाटलं. आणि मी घरी बोललोच नाही. कारणं भरपूर होती. बायको नुकती कुठे जेवायला लागली होती, वस्ती नुकती कुठे शांत झाली होती. पण खरं कारण एवढंच, की मला हिंमत झाली नाही. सुतार मात्र रोज रस्त्यात गाठायचा, "बोललात का?" डोळे खोल गेलेले, वजन उतरलेलं. आठव्या दिवशी वैतागून मी म्हणालो, "बोललो रे बाबा. तिनं माफ केलं. म्हणाली, देव त्याचं भलं करो. पण समोर येऊ नको म्हणालीय, तिला त्रास होतो." बाबांना आणि सिस्टरलाही तेच सांगितलं, आणि हा विषय तिच्यासमोर काढू नका म्हणालो.

किती सोपं होतं! दुसऱ्याचं दुःख थंडच लागतं हाताला. सुतार रस्त्यात बसून ढसाढसा रडला. महिन्याभरानं त्यानं एक कपाट करून आमच्या घरी पाठवलं. बायकोनं विचारलं, कुठनं आणलं? मी म्हणालो, स्वस्तात मिळालं.

हे सगळं मी सिस्टरच्या स्वयंपाकघरात उभ्यानं सांगितलं. कपाटापर्यंत आलो तेव्हा बायकोनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"ते कपाट त्यानं केलंय?"

मी मान हलवली.

"माझ्या भावाचे कपडे त्यात ठेवलेत मी," ती म्हणाली. "रोज त्याचं दार पुसते."

सिस्टर खुर्चीत बसली. ही बाई अपघातातली माणसं शिवताना गाणं गुणगुणते, मी ऐकलंय. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "पाच वर्षं," ती म्हणाली. "पाच वर्षं मी दवाखान्यात लोकांना वहिनींचं उदाहरण देते. भांडून आलेल्यांना सांगते, एक बाई आहे, तिनं सख्ख्या भावाच्या मारेकऱ्याला माफ केलं. नाव घेत नाही, पण सांगते. आणि ते तुम्ही परस्पर..." मला वाटलं होतं ती मला फाडून खाईल. खाल्लं असतं तर बरं झालं असतं.

बाहेरून आवाज येत होता. प्रार्थनाघर अगदी समोर आहे. लोक जमले होते, आणि थांबून थांबून गर्दीला जो एक घुमणारा सूर येतो तो आला होता. बारा वर्षांपूर्वी तो मी ऐकला होता. माझी पाचावर धारण बसली.

"मी सांगतो मोटर बिघडली," मी म्हणालो. "टाकी धुवायची आहे, दोन दिवस टँकर येईल. तोवर हिला माहेरी... कुठेतरी पाठवतो. सिस्टर, तुम्हीही खाली तेच सांगा. तिला मारतील हो ते! टाकी दुपारपर्यंत मी एकटा रिकामी करतो, कुणाला कळणार नाही."

सिस्टर गप्प राहिली, आणि ती गप्प राहिली याचाच मला जास्त धक्का बसला. तीही तोच विचार करत होती. तिनं खिडकीतून गर्दीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि आमची शपथ तिलाही जड झालेली मला दिसत होती. "पोलिसांची गाडी यायला अर्धा तास लागेल," ती हळूच म्हणाली. "तोवर काहीही होऊ शकतं, वहिनी."

बायको उठली. चहाचा कप तिनं मोरीत नेऊन ओतला, विसळला, पालथा घातला. दुसऱ्याच्या घरातही तिला उष्टं भांडं ठेवून जाववत नाही. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"एकदा माझ्या वतीनं बोललात," ती म्हणाली. "पुन्हा बोलायचं नाही. आत जाऊन जे बघितलं ते सांगा. तुम्ही नाही सांगितलं तर मी दारातून ओरडून सांगेन."

मी वरच्यांच्या प्रार्थनाघरात एकतीसदा उभा राहिलोय. प्रत्येक वेळी मला तिथे उभं राहायला आवडायचं, हे कबूल करतो. दोनतीनशे माणसं श्वास रोखून आपल्याकडे बघतायत आणि आपण म्हणायचं, 'काही झालेलं नाही', आणि सगळ्यांचे खांदे एकदम खाली येतात. असं वाटतं, शांतता आपल्याच खिशात आहे, हवी तेव्हा काढून वाटावी. त्या दिवशी पुढच्या पायरीवर चढलो आणि त्यांच्या देवाकडे तोंड करून उभं राहायचं असतं तसा क्षणभर राहिलो. मागे कुजबुज थांबली. मी वळलो. पहिल्या रांगेत बाबा बसले होते, ऐंशीच्या पुढचे, कानाला हात लावून. तिसऱ्या रांगेत खांबाशेजारी सुतार आणि त्याची बायको.

"टाकीत विष आहे," मी म्हणालो.

एकच आवाज उठला. कुणीतरी बाक उलटवला. मी ओरडून ओरडून सांगितलं की व्हॉल्व्ह बंद आहे, थेंबही बाहेर गेला नाही, कुणी प्यायलं नाही, सिस्टरनं तपासलंय. निम्म्यांनी ऐकलं, निम्म्यांनी नाही. "मघाशी माइकवर काय बोंबलत होतास मग!" कुणीतरी म्हणालं, आणि ते बरोबरच होतं.

"मघाशी मी न बघता बोललो. आता बघून सांगतोय. विष माझ्या घरातलं आहे. किल्ल्या माझ्या घरातल्या. टाकलं ते माझ्या बायकोनं."

पुढच्या क्षणी एका दांडग्या माणसानं माझी कॉलर धरली आणि मला पायरीवरून खाली खेचलं. वरचं बटण तुटून गेलं. बाबा उठून उभे राहिले. त्यांना उठायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ सगळे थांबले.

"त्याचं पुरं होऊ दे," ते म्हणाले. "आधी ऐकायचं, हे आपणच ठरवलंय."

कॉलर सुटली. मी पुन्हा पायरीवर चढलो. आता लपवायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं, म्हणून असेल, शब्द आपोआप आले. "तिनं टाकलं त्याचं कारण मी आहे. तिच्या भावाला ज्यानं मारलं त्याला तिच्याकडून माफी हवी होती. मी तिला विचारलंच नाही. मीच परस्पर माफी देऊन टाकली आणि म्हणालो, तिनं दिली. पाच वर्षं तो माणूस त्यावर जगला. काल तिला कळलं. त्या माणसाचं नाव मी घेणार नाही. तो तुमच्यातला आहे, पण खोटं मी बोललो. तिनं कधीच माफ केलेलं नव्हतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं."

मी सुताराकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण बघितलं. माणूस मरताना मी बघितलाय. हे तसं नव्हतं. हा जिवंत होता आणि त्याच्या तोंडावरून पाच वर्षं एका क्षणात निघून गेली. रस्त्यात मला गाठायचा तेव्हाचा तो चेहरा परत आला, खोल डोळ्यांचा. त्याची बायको त्याची बाही धरून बसली होती. त्यानं ती हळूच सोडवली आणि उभा राहिला.

"मी," तो म्हणाला. "वायरमनच्या मेव्हण्याला मी मारलं."

त्याच्या आजूबाजूची माणसं सरकली. बारा वर्षं त्याच्या शेजारी बसून प्रार्थना करणारी, त्याच्याकडून पाळणे आणि पलंग करून घेणारी माणसं. बाबा आणि त्याची बायको सोडून तिथं कुणालाच माहीत नव्हतं. एक म्हातारी "अगं आई गं" म्हणाली आणि तिनं तोंडावर हात घेतला.

दाराकडे हालचाल झाली. माझी बायको आत आली. मागे सिस्टर, तिचा हात बायकोच्या पाठीवर, पण नुसता टेकलेला. गर्दीतून वाट झाली. कुणी तिला हात लावला नाही. का नाही लावला, हे मला आजही कळलेलं नाही. ती सरळ चालत सुतारासमोर गेली. एका हाताचं अंतर.

मला वाटलं ती त्याला मारेल. मला वाटलं ती कोसळेल. मला काय काय वाटलं, आणि मी पायरीवर ठोंब्यासारखा उभा होतो.

"तो शेवटी काय म्हणाला?" तिनं विचारलं.

सुताराचे ओठ हलले.

"बारा वर्षं मला एवढंच हवंय," ती म्हणाली. "त्याच्याजवळ शेवटी तुम्हीच होतात. काय म्हणाला?"

"म्हणाला..." सुतारानं खांब धरला. "म्हणाला, पाण्यात काही नाही. माझ्याबरोबर चला, मी दाखवतो. झाकण तुमच्या हातानं उघडा."

"मग?"

"कुणी गेलं नाही."

"तुम्ही?"

"मीही नाही गेलो, ताई. तो परत परत तेच सांगत होता. चला, चला म्हणत होता. आणि मी..."

बायकोनं मान हलवली, म्हणजे पुढचं नको. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मला हमसून रडू आलं, सगळ्यांसमोर, आणि माझ्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.

"चला मग," ती सुताराला म्हणाली. "मी दाखवते. झाकण तुम्ही उघडा. आज आहे त्यात."

ती वळून दाराकडे निघाली. दारात थांबली, वाट बघत. सुतारानं एकदा बाबांकडे बघितलं, पण बाबांनी काही सांगितलं नाही. मग तो खांब सोडून निघाला. पाय ओढत तिच्यापर्यंत गेला आणि दोघं बाहेर पडली, ती पुढे, तो मागे. मग सिस्टर निघाली. मग बाबा, कुणाच्या तरी खांद्याला धरून. मग ज्यानं माझी कॉलर धरली होती तो, आणि मग एकेक रांग उठत गेली.

मला कुणी चल म्हणालं नाही. मी सगळ्यांच्या शेवटी गेलो.